खोक्यातली पुस्तकं आणि बाबेलला गेलेलं पत्र

'विश्वास आहे हो मॅडम, पण रात्री झोप लागत नाही.'

हे वाक्य किती जणांच्या तोंडून ऐकलं, याचा हिशेब मी ठेवलेला नाही. कधी ते नर्सिंग करून आखातातल्या व्हिसाची वाट बघणारी मुलगी म्हणते, कधी बायोप्सीच्या रिपोर्टसाठी ताटकळलेले निवृत्त काका, कधी पस्तिशीतल्या लेकीसाठी स्थळं बघून दमलेली आई. मागचा प्रश्न मात्र एकच, आणि तो बहुतेक जण खाली बघत विचारतात. देवावर भरवसा आहे म्हणतो आणि तरी उद्याची धास्ती वाटते, म्हणजे माझा विश्वास खोटा का?

मी समुपदेशक, ख्रिस्ती घरातली. आजोबा पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू होते. त्यामुळे मंडळीतली, म्हणजे चर्चची, माणसं 'आपल्याच बाई आहेत' म्हणून येतात आणि येताना पवित्र शास्त्रातली (बायबलमधली) वचनं तोंडपाठ घेऊन येतात. सुरुवातीच्या वर्षांत मीही वचनालाच वचन जोडायची. डोकेदुखीला गोळी द्यावी तसं. पुढच्या भेटीत माणूस तीच डोकेदुखी घेऊन परत यायचा, वर गोळी लागू पडली नाही याची शरम. ती सवय सोडायला मला बरीच वर्षं लागली. कशी सुटली ते सांगताना मला नेहमी एक सर आठवतात. त्यांच्या परवानगीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे.

सर नगरकडचे, वय अडतीस. इतिहास विषय, प्राध्यापकीची सेट ही पात्रता परीक्षा झालेले, नऊ वर्षं तासिका तत्त्वावर. ज्यांच्या घरात असा प्राध्यापक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. दरवर्षी नव्यानं मुलाखत, तासावर मानधन, तेही महिनोन् महिने रखडलेलं, सुट्टीत काहीच नाही. दोन कॉलेजं, एक जुनी मोटरसायकल. बायको बालवाडीत शिकवतात, मुलगी पहिलीत.

पहिल्याच भेटीत त्यांनी पाकिटातून एक लॅमिनेट केलेलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्यांच्या मंडळीत ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेनंतर नव्या वर्षासाठी वचनाची चिठ्ठी उचलतात. सहा वर्षांत दोनदा त्यांच्या हाती एकच वचन आलं होतं, यिर्मया २९:११. 'ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत.'

'दोनदा, मॅडम. योगायोग कसा म्हणू?'

'मग याचा अर्थ काय लावलात?'

'जागा निघणार. परमनंट होणार.'

'आणि नाही झालात तर?'

ते गप्प झाले. मग म्हणाले, 'तर चूक माझ्यात आहे. आमच्या प्रार्थनासभेत एक भाऊ म्हणालेच, विश्वास कुठेतरी कमी पडतोय.'

अशा भावांना माझा एक निरोप आहे. स्तोत्र १३ उघडा. दावीद पहिल्या दोन वचनांतच चार वेळा देवाला 'कोठवर?' म्हणून विचारतो, आणि ते स्तोत्र पवित्र शास्त्रातून कुणी काढून टाकलेलं नाही. गेथशेमाने बागेत प्रभू येशूचा जीव किती कासावीस झाला तेही वाचा. ज्यानं 'उद्याची चिंता करू नका' शिकवलं, त्यालाच त्या रात्री घाम फुटला होता. भीती वाटणं म्हणजे अविश्वास, हे समीकरण शास्त्रात मला तरी सापडलेलं नाही.

दुसऱ्या भेटीत मी चुकले. त्यांची भीती किती खरी, किती फुगलेली, हे आपण तपासू म्हटलं. सर इतिहासाचे! पुढच्या आठवड्यात ते वही घेऊन आले: किती पदं रिक्त, किती वर्षं भरती रखडली, आरक्षणाचं रोस्टर कुठे अडकलं. शेवटी म्हणाले, 'पुराव्यानिशी सांगतो मॅडम, भीती रास्त आहे.' माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचं भविष्य खरोखरच अनिश्चित होतं आणि ते तसं नाही असं पटवणं हे माझं कामही नव्हतं.

त्यानंतर हळूहळू एक गोष्ट बाहेर आली. सर खुणा मागत होते. कॉलेजच्या फाटकाशी पोचताना चर्चची घंटा ऐकू आली तर यंदा होणार. सकाळी शास्त्र कुठेही उघडलं आणि आशीर्वादाचं वचन निघालं तर होणार. शास्त्रातल्या गिदोनानं देवाकडे खूण मागायला लोकर टाकली होती ना, मग मी का नको, असा त्यांचा युक्तिवाद. मी विचारलं, खूण मिळाल्यावर किती वेळ बरं वाटतं? ते ओशाळं हसले. 'संध्याकाळपर्यंत. मग वाटतं, अजून एकदा बघावं.'

कुलूप लावून घराबाहेर पडलेला माणूस जिन्यावरून परत येऊन कुलूप ओढून बघतो, पुन्हा चार पायऱ्या उतरतो, पुन्हा वर येतो. असे लोक माझ्याकडे खूप येतात. प्रत्येक वेळी कुलूप लागलेलंच असतं आणि प्रत्येक वेळी शंका थोडी बळावते. सरांच्या खुणा अगदी तशाच होत्या. ते ज्याला विश्वास म्हणत होते ती खात्रीची भूक होती आणि प्रत्येक खूण तिला आणखी पोसत होती. गिदोनालाही देवाचं वचन आधीच मिळालं होतं. लोकर त्यानं त्यानंतर टाकली, तीसुद्धा दोनदा.

पाचव्या भेटीला मी त्यांना ते कार्ड पुन्हा काढायला लावलं.

'सर, वर्गात विद्यार्थ्यानं एखाद्या पत्रातली एकच ओळ आणून दाखवली तर काय म्हणता?'

'पूर्ण पत्र आण म्हणतो. कुणी लिहिलं, कुणाला, कधी, कशासाठी.'

'मग हेही पत्रच आहे.'

मी शास्त्र त्यांच्या पुढे सरकवलं. एकोणतिसावा अध्याय त्यांनी सुरुवातीपासून मोठ्यानं वाचायला घेतला, वर्गात शिकवतात त्या आवाजात. लिहिणारा यिर्मया, यरुशलेमेत. वाचणारे बाबेलात (बॅबिलोनमध्ये), बंदिवान. बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यानं यहूदाच्या यखन्या राजाबरोबर ज्यांना नेलं ते. 'म्हणजे इसवी सनापूर्वी ५९७ च्या नंतर,' सर स्वतःशीच म्हणाले. त्यांच्यातला इतिहासाचा मास्तर जागा झाला होता, आणि मी नऊ वर्षांत कॉलेजांनी केली नसेल तेवढी त्याची कदर करत गप्प बसले.

मी त्यांना एक पान मागे जायला सांगितलं. अठ्ठाविसावा अध्याय, हनन्या. हा संदेष्टा लोकांसमोर छातीठोकपणे सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल. लोकांना तेच ऐकायचं असणार. यिर्मयाचं पत्र मात्र सत्तर वर्षं म्हणतं.

सर थांबले. 'सत्तर? मग ज्यांना हे पत्र आलं, त्यांच्यातले कर्ते लोक...'

'हो. बहुतेक तिथेच मेले असतील.'

'पण बंदिवानांना परत जाऊ देणारा इराणच्या कोरेश राजाचा हुकूम ५३८ चा. ५९७ मधून वजा केले तर एकोणसाठच होतात.'

'तो वाद तुम्ही विद्यार्थ्यांबरोबर घाला. आता पाचवं वचन वाचा.'

घरं बांधा आणि त्यांत राहा. बागा लावा आणि त्यांची फळं खा. पुढे लग्नं करा, मुलंबाळं होऊ द्या. ज्या नगरात तुम्हांला नेलं त्याचं हित बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. सरांनी पाचवं वचन वाचलं, सहावं अर्धं वाचलं आणि पुढे आवाज येईना. बाहेर रिक्षावाले भांडत होते. मी पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

बऱ्याच वेळानं म्हणाले, 'मॅडम, माझी पुस्तकं सहा वर्षं खोक्यात आहेत.'

भाड्याचं घर, सहा वर्षांपूर्वी घेतलेलं. परमनंटची ऑर्डर कुठली निघेल सांगता येत नाही, म्हणून पुस्तकांची अकरा खोकी सुतळीनं बांधलेलीच. बायको एक सेकंडहँड कपाट घेऊ या म्हणत होती, तर 'कशाला, हलायचंच आहे'. मुलीला शेजारच्या बाईंकडे पेटी शिकायची होती, 'नव्या गावी लावू'. पीएच.डी.चा विषय ठरलेला, नोंदणी बाकी. सगळं आयुष्य 'परमनंट झाल्यावर' या एका खुंटीला टांगलेलं.

'आणि मी याला देवाची वाट पाहणं म्हणत होतो,' ते म्हणाले.

हे वाक्य माझं नाही, त्यांचं आहे. पण त्या क्षणापर्यंत त्यांना आणलं याचं समाधान मी लपवणार नाही. मी आधीच सांगितलं असतं, 'सर, तुम्ही जगणं थांबवलंय', तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा खूण मागितली असती. माणूस स्वतःच्या कसबानं जे शोधतो तेच त्याच्याजवळ राहतं, असं माझं मत आहे. म्हणून मी कुणाच्याही विश्वासाला हात घालण्याआधी तो माणूस पोटापाण्यासाठी काय करतो ते बघते. शिंप्याला मापं विचारते, शेतकऱ्याला पेरणी.

प्रवचनात एक दाखला नेहमी देतात: बापाच्या गाडीवर मागे बसलेलं लेकरू रस्ता विचारतं का? मला तो दाखला मोठ्या माणसांसाठी फारसा पटत नाही. अडतीस वर्षांच्या बापाला पेट्रोलचे पैसे भरायचे असतात. भविष्य देवाच्या हाती सोपवायचं म्हणजे हिशेब करायचाच नाही, असं शास्त्रही म्हणत नाही. योसेफानं मिसरात सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवायला लावला. त्याला कुणी अविश्वासी म्हटलं नाही.

आपल्याकडचंच उदाहरण द्यायचं तर पंडिता रमाबाईंचं देते. त्यांनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनाला अमेरिकेतल्या हितचिंतकांची मदत दहा वर्षांपुरती होती आणि ती मुदत १८९८ मध्ये भरणार होती. पुढे काय? बाईंनी पुणे जिल्ह्यात दौंडकडच्या केडगावला जमीन घेतली आणि फळझाडं लावली, फळांच्या उत्पन्नावर सदन चालावं म्हणून. झाडं मोठी होण्याआधीच १८९६-९७ चा दुष्काळ आला, आणि मध्य प्रांतातून आणलेल्या सुमारे ३०० मुली-बायकांना त्याच जमिनीवर आसरा मिळाला. आजचं मुक्ती मिशन तिथलंच. बाग लावली एका कारणासाठी, ती जमीन उपयोगी पडली दुसऱ्याच. बाईंना पुढचं दिसत होतं म्हणून त्यांनी झाडं लावली नव्हती.

सरांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, 'केडगाव माझ्या रस्त्यावर आहे. इतकी वर्षं नुसता पुढे जातो.'

मग आम्ही साधी कामं ठरवली. तुमच्याही घरात कुणी असं वाट बघत बसलं असेल तर उपयोगी पडतील म्हणून सांगते. खुणा मागणं एक महिना बंद. मन ओढ घेईल, घेऊ द्या. दहा-पंधरा मिनिटांत ती ओढ ओसरते, हे स्वतः अनुभवल्याशिवाय पटत नाही. काळजीसाठी संध्याकाळची वीस मिनिटं राखून ठेवायची, वहीत लिहायची, आणि त्याच वहीवर हात ठेवून प्रार्थना करायची. प्रार्थनेत गोलमोल बोलायचं नाही. 'प्रभू, मला शांती दे' यापेक्षा 'प्रभू, जूनचं मानधन अजून आलेलं नाही आणि मला घरमालकासमोर जायची लाज वाटते' हे जास्त खरं, आणि स्तोत्रकर्त्यांच्या जास्त जवळचं. पैशांचा हिशेब नवरा-बायकोनं एकत्र करायचा. सरांच्या बायकोला मानधन किती थकलंय हे दोन वर्षं माहीतच नव्हतं. त्यांनी सांगितलं तेव्हा त्या रडल्या नाहीत, चिडल्या. 'एवढंच होतं तर मी शिवणाची ऑर्डर घेतली असती ना!'

आणि 'नाही झालं तर' हा प्रश्न टाळायचा नाही. सरांनी तो एकदा शेवटपर्यंत लिहून काढला. त्यात स्पर्धा परीक्षेचे क्लास निघाले, एक अनुवादाचं काम निघालं, आणि पान भरल्यावर त्यांना त्या रात्री झोप लागली. दुसरी वाट शोधून ठेवणं हा देवावरचा अविश्वास आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना मी याकोबाचं पत्र वाचायला देते. 'प्रभूची इच्छा असेल तर' असं म्हणा, असं याकोब लिहितो, आणि लगेच त्याच दमात 'आपण जगू व अमुक अमुक करू' असंही. बेत त्यात आहेच, फक्त त्याची मालकी आपल्याकडे नाही.

एक सूचना मात्र ठामपणे. आठवड्यामागून आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगावंसं वाटत नाही, असं असेल तर प्रार्थनेबरोबर मनोविकारतज्ज्ञही गाठा. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो. मधुमेहाची गोळी घेताना आपण विश्वास कमी पडला असं म्हणत नाही, मग इथेच का?

सर एकूण अकरा वेळा आले. पुढच्या जुलैत पुन्हा मुलाखत झाली, पुन्हा तासिका तत्त्वावरच. फोन करून त्यांनीच सांगितलं. आवाज पडलेला होता, आणि मी तो सावरायला गेले नाही.

मग म्हणाले, 'कपाट आणलं. जुन्या बाजारातून, अठराशेला. एक दार नीट लागत नाही.'

'आणि पुस्तकं?'

'दहा खोकी सोडली. खालचा कप्पा पोरीनं बाहुल्यांना घेतला. एक खोकं अजून बांधलेलंच आहे.'

त्यात काय आहे ते मी विचारलं नाही.