‘नाही जमलं तर तीन वर्षांनी सोडेल’ हे गृहीत धरू नका

पालकांचं पत्र (थोडक्यात) : मुलीला बारावी वाणिज्य शाखेत ७१ टक्के आहेत. पाच वर्षांच्या लॉची सीईटी दिली, गुण बरे पडले. तिला न्यायाधीश व्हायचं आहे. तिचे मामा म्हणतात, आधी बी.कॉम. कर, मग तीन वर्षांचा लॉ. मला वाटतं, पाच वर्षांच्या कोर्सला घालावं. नाहीच जमलं तर तीन वर्षांनी बी.ए. घेऊन बाहेर पडेल. सोबत बाहेरून बी.कॉम.ही करता येईल का? आम्ही ओबीसी आहोत, उत्पन्न आठ लाखांच्या आत. जात पडताळणीचा अर्ज केलाय, प्रमाणपत्र अजून हातात नाही. ओळखीचे एक गृहस्थ ‘मॅनेजमेंटची सीट धरून ठेवतो’ म्हणून आगाऊ रक्कम मागताहेत. शिवाय मुलीचं शिक्षण मराठी माध्यमात झालंय, त्याची धास्ती आहे. काय करावं?

नमस्कार,

प्रश्न बरेच आहेत, पण मी अडलो ते ‘तीन वर्षांनी बी.ए. घेऊन बाहेर पडेल’ या वाक्यापाशी. आधी ते निकालात काढू, कारण तुमचा निम्मा निर्णय त्याच्यावर उभा आहे.

तसं बाहेर पडता येत नाही. वकिली आणि कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांमधला तेरावा नियम याच गोष्टीसाठी आहे. एकात्मिक दुहेरी पदवीचे, म्हणजे बी.ए. आणि एलएल.बी. एकत्र देणाऱ्या या पाच वर्षांच्या कोर्सचे, तुकडे पाडून मधल्या टप्प्यावर एक पदवी देता येत नाही. उलट बाजूनेही दार बंद आहे : दुसरीकडून पदवी घेऊन आलेल्याला पाच वर्षांच्या कोर्सच्या मधल्या वर्षात घेता येत नाही. बी.ए., बी.कॉम.ला अलीकडे अधेमधे बाहेर पडायची सोय आली आहे, त्यावरून तुमची समजूत झाली असावी. एखादे जुने वकीलसाहेब ‘आमच्या वेळी तीन वर्षांनी एक पदवी हातात पडायची’ असं सांगतीलही. त्यांचं खोटं नसेल, पण त्यावर विसंबून मुलीचा प्रवेश घेऊ नका. तिसऱ्या वर्षानंतर तिने कोर्स सोडला, तर हातात गुणपत्रिका असतील, पदवी नसेल.

त्यामुळे ‘घालून तर बघू’ हा विचार या कोर्सला चालत नाही. पाच वर्षं, दहा सेमिस्टर, हा एकच निर्णय आहे.

आता मामांचा सल्ला. तो टाकाऊ मुळीच नाही. बी.कॉम. आणि नंतर तीन वर्षांचा लॉ मिळून सहा वर्षं होतात, म्हणजे एक वर्ष जास्त. पण त्या वाटेवर तिसऱ्या वर्षाच्या शेवटी पदवी हातात असते आणि लॉ करायचा की नाही हे तेव्हा, एकविसाव्या वर्षी, ठरवता येतं. वकिलीच्या सनदेसाठी, म्हणजे परवान्यासाठी, दोन्ही वाटा सारख्याच. सनद देताना तीन वर्षांचा आणि पाच वर्षांचा असा भेद कोणी करत नाही.

मग ते एक वर्ष किती महत्त्वाचं? तुमच्या मुलीला न्यायाधीश व्हायचंय म्हणून हिशेब मांडतो. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी निकाल दिला की दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदाच्या परीक्षेला बसायला किमान तीन वर्षांची वकिली हवी. त्यामुळे कॉलेजमधून निघून थेट परीक्षा देण्याचा बेत आता कोणी आखू नये. अठराव्या वर्षी पाच वर्षांच्या कोर्सला गेलेली मुलगी तेविसाव्या वर्षी सनद घेईल आणि सव्विसाव्या वर्षी परीक्षेला पात्र होईल. मामांच्या वाटेने सत्तावीस. कामकाजाची तीन वर्षं दोन्हीकडे करायचीच आहेत, आणि सुरुवातीला ज्युनिअरच्या हातात पैसे बेताचेच येतात. तोवर घराला कळ काढावी लागेल. एका वर्षाच्या फरकापेक्षा मला हा मुद्दा मोठा वाटतो. पत्रात तो नाही.

तेव्हा पाच की सहा, हे मुलीला लॉ खरंच हवाय का यावर ठरू द्या. ते तपासायला कल चाचणीवर पैसे घालवू नका. भारतीय करार कायदा, १८७२ ची बेअर ॲक्ट, म्हणजे नुसत्या कलमांचं पुस्तक, कुठल्याही कायद्याच्या पुस्तकांच्या दुकानात स्वस्तात मिळतं. त्यातलं कलम १० आणि ११ तिला वाचू द्या. वाणिज्य शाखेची आहे, शब्द अगदीच परके वाटणार नाहीत. करार कधी वैध होतो आणि करार करायला लायक कोण, एवढंच त्यात आहे. मग तिला मोहरी बीबीचा खटला सांगा. धर्मोदास घोष नावाच्या अल्पवयीन मुलाने घर गहाण ठेवून सावकाराकडून कर्ज घेतलं. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १९०३ साली ठरवलं की अल्पवयीनाने केलेला करार मुळातच शून्य. गहाणखत रद्द, आणि सावकाराला पैसेही परत मिळाले नाहीत. तिला विचारा, हे बरोबर झालं का? सावकाराचं काय चुकलं? मुलाने वय लपवलं असेल तर? ती ‘पण बाबा’ म्हणत तुमच्याशी अर्धा तास वाद घालत बसली, पुन्हा कलम उघडून एखाद्या शब्दावर बोट ठेवू लागली, तर पाच वर्षांच्या कोर्सला बिनधास्त घाला. ‘असेल काहीतरी’ म्हणून मोबाईल हातात घेतला, तर मामांचं ऐका.

बाहेरून बी.कॉम.चं म्हणाल, तर एकाच वेळी दोन नियमित पदव्या लॉच्या विद्यार्थ्याला करता येत नाहीत. विद्यापीठांच्या दूरस्थ शिक्षण केंद्रांतून चालणाऱ्या अभ्यासक्रमांना बार कौन्सिलच्या नियमात अपवाद आहे, त्यामुळे वाट पूर्ण बंद नाही. पण सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिलने परिपत्रक काढून विद्यार्थ्यांकडून दुसरी पदवी, नोकरी, फौजदारी प्रकरण याबद्दल घोषणापत्र घ्यायला सांगितलं आहे. तेव्हा काही करायचं असेल ते कॉलेजला लेखी कळवून करा. माझं विचाराल तर नकोच. नियमांत वर्गातल्या ७० टक्के उपस्थितीची अट आहे, पाच वर्षांत मिळून वीस आठवड्यांची इंटर्नशिप आहे, मूट कोर्ट म्हणजे सरावाचे लुटुपुटूचे खटले आहेत. ती बी.कॉम. कुठल्या वेळात करणार?

पदवीच्या नावांवरून मात्र डोकं शिणवू नका. बी.ए.एलएल.बी., बी.बी.ए.एलएल.बी., मुंबई विद्यापीठाकडची बी.एल.एस.एलएल.बी., पुण्याकडची पूर्वीची बी.एस.एल.एलएल.बी. या सगळ्यांत कायद्याचे सक्तीचे विषय बार कौन्सिलनेच ठरवून दिलेले आहेत. फरक सोबतच्या विषयांत. एकीकडे राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, दुसरीकडे व्यवस्थापन. कॉलेजला बार कौन्सिलची मान्यता आहे का आणि ती कुठल्या वर्षापर्यंत आहे, हे मात्र नावापेक्षा शंभरपटीने महत्त्वाचं. मान्यतेचं पत्र दाखवा म्हणायला संकोच करू नका.

त्या सीटवाल्या गृहस्थांना एक रुपयाही देऊ नका. संस्थेच्या पातळीवरच्या जागासुद्धा गुणवत्तेनेच भरायच्या असतात, शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेल्या फीपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि कॅपिटेशन फीवर राज्यात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. तुमच्या बाबतीत तर हा व्यवहार दुहेरी तोट्याचा ठरेल. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) गटातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण त्यासाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून गेलात की माफी गेली. आगाऊ रक्कम देऊन तुम्ही पाच वर्षांची सवलत घालवून बसाल, आणि तीही सीईटीत बरे गुण असताना. कॅपमधून प्रवेश झाला की महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती-सवलतींच्या संकेतस्थळावर अर्ज भरायला उशीर करू नका. अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठ निवडलंत तर ही माफी मिळत नाही, हेही पसंतीक्रमाच्या वेळी ध्यानात असू द्या.

मराठी माध्यमाची धास्ती समजते, पण सीईटी मराठीतून देता आली, आणि राज्यातल्या जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठीच आहे. उच्च न्यायालय आणि त्यावरचं काम इंग्रजीत चालतं. निकालपत्रं इंग्रजीत वाचायचा सराव पहिल्याच वर्षी लागला तर तिसऱ्या वर्षापर्यंत माध्यमाचा प्रश्न उरत नाही. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट ही प्रवेश परीक्षा मात्र पूर्ण इंग्रजीत असते आणि ती आदल्या डिसेंबरमध्येच होते, त्यामुळे यंदा तो विषय संपला. केवळ मुंबई किंवा नागपूरच्या विधी विद्यापीठाच्या नावासाठी वर्ष गाळावं असं मी सुचवणार नाही. मुलीलाच ते हवं असेल तर गोष्ट वेगळी.

आता ज्याची तुम्हाला सगळ्यात कमी काळजी दिसते आणि मला सगळ्यात जास्त वाटते, ते : कागद.

कॉलेजचं नाव यादीत आलं म्हणजे प्रवेश झाला असं नाही. अलॉटमेंट ही नुसती वाटप झालेली जागा. मुदतीत जागा स्वीकारणं, कॉलेजात हजर होऊन मूळ कागद दाखवणं, फीची पावती हे पुढचे टप्पे. त्यानंतर विद्यापीठ पात्रता तपासून कायम नोंदणी क्रमांक देतं, आणि प्रवेश नियामक प्राधिकरण कॉलेजने केलेल्या प्रवेशांना मान्यता देतं. या शेवटच्या दोन गोष्टी विद्यार्थ्याच्या डोळ्याआड, कॉलेजच्या कार्यालयात चालतात, म्हणून पालक त्या विसरतात. त्रुटी निघाली तर ती सेमिस्टर परीक्षेच्या तोंडावर कळते. दिवाळीच्या सुमारास एकदा कार्यालयात जाऊन ‘पात्रता झाली का, त्रुटी आहे का’ एवढं विचारून या. आणि आजच दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि जातीचा दाखला असे चार कागद शेजारी ठेवून मुलीचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. दहावीवर आडनाव एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या, हा प्रकार नेहमीचा. आत्ता सुधारला नाही तर पाच वर्षांनी सनदेच्या अर्जात पुन्हा समोर येतो. सनदेचं निघालंच आहे म्हणून सांगतो : नोंदणीला हजारो रुपये लागतात ही भीती आता नको. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जुलै २०२४ च्या निकालानंतर राज्य बार कौन्सिलला खुल्या आणि ओबीसी उमेदवारांकडून ७५० रुपयांपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येत नाही.

राहिली जात पडताळणी. बारावीला ७१ टक्के असल्याने किमान गुणांची अट (ओबीसींसाठी ४२ टक्के) तुम्हाला आडवी येत नाही. आडवं येईल ते हे प्रमाणपत्र. प्रमाणपत्र नसेल तर पोचपावतीवर तात्पुरता प्रवेश देऊन मुदत देण्याचा निर्णय शासनाने काही वर्षी घेतला आहे. ती त्या-त्या वर्षीची सवलत असते. मुदत उलटली की राखीव जागेवरचा प्रवेश रद्द होतो. म्हणून ‘अर्ज केलाय’ यावर थांबू नका. जिल्हा जात पडताळणी समितीच्या कार्यालयात प्रत्यक्ष जा आणि अर्जावर त्रुटीपत्र निघालंय का ते विचारा. अनेकदा ते निघालेलं असतं आणि ज्या मोबाईल नंबरवर किंवा ईमेलवर गेलं, तो सायबर कॅफेवाल्याचा असतो. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. तुमच्या वडिलांचा किंवा चुलत्यांचा त्याआधीचा शाळेच्या रजिस्टरचा उतारा, त्यात जातीची नोंद, आणि तुमच्यापर्यंतची वंशावळ शपथपत्रावर, एवढं जुळलं की प्रकरण सहसा पुढे सरकतं. वडील शाळेत गेले नसतील तर आजोबा-चुलत आजोबांचा गाव नमुना (गावाच्या महसुली दप्तरातला उतारा), जन्म-मृत्यू नोंद तहसीलमधून काढा. सोबत नॉन-क्रिमिलेअर (उन्नत गटात मोडत नसल्याचं) प्रमाणपत्र चालू वर्षाचं आहे ना, ते तारखेनिशी पाहा. ते ३१ मार्चला संपतं आणि जुनं लावलेलं फॉर्ममध्ये चालत नाही.

पसंतीक्रम भरताना मुलीला शेजारी बसवा आणि माहितीपुस्तिकेतलं फेऱ्यांचं प्रकरण आधी दोघांनी वाचा. पहिल्या क्रमांकावर लिहिलेलं कॉलेज मिळालं की सहसा पुढच्या फेरीत बदल मागता येत नाही. तेव्हा पहिलं नाव ते लिहा, जिथे ती खरोखर पाच वर्षं राहू शकेल. वसतिगृह, जाण्या-येण्याचं अंतर आणि कॉलेजपासून जिल्हा न्यायालय किती लांब आहे, हे तिघांनी मिळून त्याआधीच बघून घ्या. कोर्ट जवळ असेल तर सुट्टीच्या दिवसांत ती कुणा वकिलाच्या हाताखाली जाऊन बसू शकते.