सासूबाई म्हणतात ती रीत आली कुठून

पत्र (थोडक्यात): ताई, आम्ही ठाण्यात राहतो. नवऱ्याला दुबईत नोकरी मिळतेय. सासरे मुंबईत गिरणीत होते. सासूबाई म्हणतात, तू पोरांना घेऊन गावी चिपळूणला ये, आपल्यात पुरुष बाहेर कमावतात नि बायका घर धरून राहतात, पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. माझं मन होत नाही, पण रीत मोडणारी मी कोण?

अगं, मोडायचं नंतर बघू, आधी ही रीत बसवली कुणी ते बघ. लष्करात जाणारे सोडले तर कोकणातली शेतकरी कुटुंबं एकत्रच राबायची. मग इंग्रजी अमलात शेतसारा रोख भरायचा, वर खोताचा, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराचा, वाटा द्यायचा, भात पावसाळ्यापुरतंही पुरेना, आणि 1850 च्या दशकापासून मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या तसे गडी बोटीने मुंबईला जायला लागले. पगार एकट्याचं भागेल एवढाच, राहायला चाळीतली एक खोली ती पण गाववाल्यांबरोबर, एकजण पाळीवरनं आला की दुसऱ्याची वळकटी गुंडाळायची, जेवण खानावळीत. तिथे बायको कुठे ठेवणार? 1921 च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे साधारण सव्वापाचशेच बायका होत्या, म्हणजे विचार कर किती जणी गावाकडे मनिऑर्डरची वाट बघत असतील. म्हातारी माणसं, पोरं, आजारपण सगळं त्यांनी एकटीनं शेतात राबून ओढलं, म्हणून तर गिरणीमालकांना कमी पगार देऊन चालायचं. मला याचा खरंच राग येतो. आणि त्या पोरांना बाप दिसायचा गणपतीत नि शिमग्याला, तेही रजा मिळाली तर.

ही रीत कुणी आवडीने धरलेली नाही, नाइलाज होता. तुझा तसा नाइलाज आहे का एवढंच बघ.

सासूबाईंवर चिडू नकोस, सासरे गिरणीत होते असं तूच लिहिलंयस. त्यांना एकदा निवांत विचार, ती वर्षं कशी काढलीत, पोरं तापाने फणफणली की कुणाला हाक मारायचात. कदाचित आजवर कुणी विचारलंच नसेल.

आणि नवऱ्याला सांग, ऑफर लेटरवर सही करायच्या आधी फॅमिली व्हिसा, घरभाडं आणि शाळेची फी यातलं कंपनी काय देणार ते लेखी घे. नाहीच जमलं तर तू ठाण्यातच राहणार का आणि तो किती वर्षांनी परत येणार हे दोघांनी आत्ताच ठरवा, पहिला पगार आल्यावर नाही.