वास आला तेव्हाच 'परत घ्या' का नाही लिहिलंत?

प्रश्न (नाशिकहून, थोडक्यात): मी जुनी खेळणी जमवतो. एका अ‍ॅपवरच्या इंदूरच्या विक्रेत्याकडून फनस्कूलच्या जी. आय. जो फिगर्सचा १४ नगांचा लॉट २१,६०० रुपयांना घेतला. ११ सुट्या, ३ मूळ कार्डावर न उघडलेल्या. आधी चॅटवर विचारलं होतं, 'घर में कोई स्मोक नहीं करता' असं उत्तर आलं. पार्सल उघडताच सिगरेटचा उग्र वास. तिसऱ्या दिवशी विक्रेत्याला विचारलं, 'भाई, स्मेल आ रही है, कैसे निकालूँ?' त्याने बेकिंग सोडा सुचवला. सुट्या ११ साबणाच्या पाण्यात भिजवल्या, सोड्यात ठेवल्या, उन्हात वाळवल्या. वास आहेच. २६व्या दिवशी पैसे परत मागितले. अ‍ॅप म्हणतं ७ दिवसांची मुदत संपली, विक्रेता म्हणतो 'नो रिटर्न' लिहिलं होतं. डुप्लिकेट (संग्रहात आधीच असलेल्या) आल्या तर मी विकतो, म्हणून वास असलेल्या चालत नाहीत. पूर्ण रक्कम आणि मनस्तापाचे ५०,००० मिळतील का?

उत्तर: पूर्ण रक्कम मिळणं अवघड आहे. मनस्तापाचे ५०,००० विसरा. किमतीतल्या फरकाची मागणी मात्र उभी राहू शकते. ती किती भक्कम राहील हे, तुम्ही सोड्याचा डबा आणायला गेलात त्या दिवसांवर ठरेल.

जुने कॅमेरे, कॉमिक्स, घड्याळं घेणाऱ्यांचे प्रश्नही याच वळणाचे असतात. विक्रेता खोटं बोलला का, यावर पानंच्या पानं लिहिलेली असतात आणि माल हातात आल्यावर आपण काय केलं, हे एका ओळीत उरकलेलं असतं. निकाल बहुधा त्या एका ओळीवर लागतो.

मालविक्री अधिनियम, १९३० चं कलम ४२ वाचा, छोटं आहे. खरेदीदाराने माल 'स्वीकारला' असं तीन प्रकारे धरलं जातं. एक, स्वीकारला असं त्याने विक्रेत्याला कळवलं. दोन, माल मिळाल्यावर त्याने त्या मालाचं असं काही केलं, जे विक्रेत्याच्या मालकीशी जुळत नाही. तीन, वाजवी मुदत उलटली तरी नाकारल्याचं न कळवता माल ठेवून घेतला. तुम्ही दुसऱ्या आणि तिसऱ्या, दोन्हींत सापडता. परत करायची वस्तू कोणी बादलीत भिजवत नाही, असं सामनेवाल्याचा वकील पहिल्याच तारखेला म्हणेल आणि त्याला खोडून काढणं सोपं नाही.

कलम ४३ तर तुमच्या बाजूचं होतं. नाकारलेला माल परत पाठवण्याचीही सक्ती खरेदीदारावर नाही, नाकारल्याचं कळवलं की पुरे. म्हणजे पहिल्याच दिवशी चॅटवर 'सिगरेटचा वास आहे, माल नाकारतो, पैसे परत करा' एवढं टाकून अ‍ॅपमधलं परतीचं बटण दाबलं असतंत, तर हा प्रश्न लिहायची वेळच आली नसती. वास नाकाला कळायला ७ दिवस लागत नाहीत.

तिसऱ्या दिवसाचा तुमचा निरोप दुधारी आहे. 'कैसे निकालूँ?' म्हणजे ठेवून घ्यायचं ठरवलेल्या माणसाचा प्रश्न, असं त्याचं म्हणणं राहील. पण तोच निरोप तुमच्याकडचा सगळ्यात मोलाचा पुरावाही आहे. वास तिसऱ्या दिवशी होता हे त्यातून दिसतं. विक्रेत्याने 'माझ्याकडून जाताना नव्हता' असं म्हटलं नाही, उलट उपाय सांगितला. पुढचे काही दिवस त्याच्याच सल्ल्यात गेले, असंही म्हणता येतं. 'वाजवी मुदत' म्हणजे किती, हे कलम ६३ प्रमाणे त्या त्या प्रकरणातल्या वस्तुस्थितीवर ठरतं, तिथे हा मुद्दा लावून धरा. २६ दिवस त्यात बसतीलच, असं मी म्हणणार नाही.

आता अ‍ॅपमधली ऑर्डर उघडा आणि एक गोष्ट बघा. १४ नगांना मिळून एकच रक्कम आहे, की प्रत्येक नगाची वेगळी? कलम १३(२) म्हणतं की करार तोडून वेगळा करता येण्याजोगा नसेल आणि मालाचा काही भाग स्वीकारला गेला असेल, तर उरलेला भागही नाकारता येत नाही. मग शर्तभंग (ज्यावरून माल नाकारता येतो) हा फक्त हमीभंग (ज्यावरून माल नाकारता येत नाही, फक्त पैशांची मागणी करता येते) म्हणून धरला जातो. लॉटला एकच किंमत असेल तर धुतलेल्या ११ फिगर्स न धुतलेल्या ३ कार्डांनाही सोबत घेऊन बुडाल्या. वेगवेगळ्या किमती, वेगवेगळ्या ऑर्डर असतील तर त्या ३ कार्डांपुरता नकार अजून मांडता येईल. कार्डवाल्या फिगरची किंमत सुटीपेक्षा बरीच जास्त असते, त्यामुळे हा फरक किरकोळ नाही.

हमीभंग झाला म्हणजे सगळं संपलं असं नाही. कलम ५९ प्रमाणे किंमत कमी करून मागता येते किंवा नुकसानभरपाई मागता येते. तुम्ही किंमत पूर्ण भरली आहे, म्हणून भरपाई. तिचं माप साधं आहे: याच अवस्थेतल्या बिनवासाच्या फिगरची बाजारातली किंमत आणि वासासकट येणारी किंमत, यातला फरक. पहिली दाखवायला त्याच फिगरच्या सध्याच्या ५-६ जाहिराती तारखेसह जतन करा. दुसरीसाठी २ ओळखीच्या नसलेल्या विक्रेत्यांकडून 'वासासह इतके देऊ' असं लेखी घ्या. मागणी नगाप्रमाणे तक्त्यात मांडा. अंदाजे आकडा टाकलात तर ग्राहक आयोगाचे सदस्य तो आणखी अंदाजे कापतात.

त्या तक्त्यात तुमच्या धुण्याचं नुकसान घालू नका. जुन्या जी. आय. जोच्या कमरेत रबराचं ओ-रिंग आणि धातूचा हूक असतो, पाठीत स्क्रू असतो. फिगर न उघडता भिजवली की पाणी आत राहतं, हूक आणि स्क्रू गंजतात. फिकट प्लास्टिक उन्हात पिवळं पडतं ते वेगळंच. हे सगळं विक्रेत्याच्या माथी मारायला गेलात तर खरा मुद्दाही पातळ होईल. उलट तोच म्हणेल की पिवळेपणा तुमच्या उन्हाचा आहे.

इथे थोडं पुराव्याचं, कारण वास हा उडून जाणारा पुरावा आहे. धुराचा चिकट थर पृष्ठभागावर बसतो, तर मऊ प्लास्टिक, रबर आणि विशेषतः कार्डाचा पुठ्ठा वास आत ओढून घेतात. सुट्या फिगर्सवरचा थर तुम्ही धुऊन टाकलात, पण ३ कार्डं अजून तशीच आहेत. त्यांच्या प्लास्टिकच्या फुग्यावरून, पुठ्ठ्याला न लागता, किंचित ओलसर पांढरा कापूस फिरवा. तपकिरी-पिवळा डाग आला तर तो वर बसलेला थर आहे. उन्हाने पिवळं पडलेलं प्लास्टिक कापसाला रंग देत नाही. साधी धूळही डाग देते, म्हणून एवढ्यावर विसंबू नका. हे एकाच कार्डावर करा, सलग व्हिडिओत, घरच्या नसलेल्या माणसासमोर. दारू किंवा स्पिरिट लावू नका, रंग निघतो. मग कार्डं घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत किंवा पत्र्याच्या डब्यात ठेवा. साध्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीतून वास हळूहळू निसटतो. वास घेतलेल्या २ त्रयस्थांची प्रतिज्ञापत्रं घ्या, त्यात तारीख, जागा आणि कोणत्या नगाला वास होता ते हवं.

प्रयोगशाळेची मागणी मी टाळेन. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३८ मध्ये नमुना तपासणीला पाठवायची सोय आहे, पण तपासणीची फी तक्रारदाराकडून भरून घेतली जाऊ शकते. शिवाय तपासणी आली की निकालाची कायद्यातली मुदत ३ महिन्यांची ५ महिने होते. या मुदती कागदावरच्या आहेत, हे ज्याने आयोगाच्या बाहेर बाकड्यावर दिवस काढलेत त्याला सांगायला नको. २१,६०० रुपयांच्या तक्रारीत आपणहून एक लांबण कशाला लावून घ्यायची?

तुमची सगळ्यात भक्कम बाजू म्हणजे 'घर में कोई स्मोक नहीं करता' हे वाक्य. खेळणी जुनी आहेत, वास असणारच, हा बचाव त्यापुढे टिकणं कठीण आहे. २०१९ च्या कायद्यात 'दोष' म्हणजे व्यापाऱ्याने मालाबद्दल कोणत्याही रीतीने जे सांगितलं, त्यापेक्षा कमी निघणंही येतं. चॅट त्यात बसतं. 'नो रिटर्न' लिहिल्याने खोटं सांगण्याची मुभा मिळत नाही. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम, नियम ६, सांगतात की बाजारपेठेवरच्या विक्रेत्याला सांगितल्याप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला नकार देता येत नाही. अ‍ॅपची ७ दिवसांची मुदत त्या नियमापेक्षा मोठी नाही, असा युक्तिवाद करता येतो. आयोग तो मानेल का, ते सदस्यांवर आहे. घरात खरंच कोणी ओढत नसेल, आणि खेळणी आधीच्या मालकाकडून वासासकट आली असतील, तर? विक्रेता हे म्हणू शकतो. पण तुम्ही विचारलंत ते कशासाठी, हे न समजण्याइतका तो नवखा नव्हता.

हे सगळं तो 'व्यापारी' असेल तरच. हे नियम स्वतःच्या कपाटातली खेळणी एकदा विकून टाकणाऱ्याला लागू नाहीत. नियमित, पद्धतशीर धंदा हवा. म्हणून आज रात्रीच त्याच्या प्रोफाइलचे स्क्रीनशॉट घ्या: किती वस्तू विक्रीला आहेत, किती विकल्या, किती वर्षं. वर तारीख-वेळ दिसू द्या. चॅट कापून-छाटून नको, त्याच्या नावापासून शेवटपर्यंत हवं. त्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोग पुराव्याच्या बाबतीत दिवाणी न्यायालयाइतका काटेकोर नसतो, तरी हरकत घ्यायला जागा ठेवू नये. तो हौशी निघाला तर दिवाणी दावा उरतो, आणि एवढ्या रकमेसाठी तो करा असं मी सांगणार नाही.

आणि तुमचं ते शेवटाकडचं वाक्य, 'डुप्लिकेट आल्या तर मी विकतो'. पुनर्विक्रीसाठी माल घेणारा कायद्याने ग्राहकच नाही. सहज लिहून गेलात, पण सामनेवाल्याला याहून चांगली भेट नाही. खोटं लिहू नका. संग्रहासाठी घेतल्या असतील तर तसं स्पष्ट लिहा आणि संग्रहाचे जुने फोटो जोडा. या १४ मधली एकही विक्रीला टाकली असेल तर मात्र तक्रारीचा नाद सोडा.

क्रम असा ठेवा. आधी अ‍ॅपच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायला हवं. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. विक्रेत्याला १५ दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने आणि चॅटवरही पाठवा. त्यात पूर्ण परतावा पहिला आणि 'पर्यायी' म्हणून फरकाची रक्कम मागा, हा पर्यायी शब्द गाळू नका. मग ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर नाशिकच्या जिल्हा आयोगात दाखल करा. तुम्ही राहता तिथे तक्रार चालते, इंदूरला जायचं कारण नाही. ५ लाखांपर्यंत फी नाही. वकीलही लागत नाही. मुदत २ वर्षं आहे, पण तुमच्याकडे तेवढा वेळ नाही, कारण वास तोवर थांबणार नाही. सामनेवाल्याला उत्तराला ३० दिवस आणि फार तर आणखी १५ मिळतात. ही मर्यादा ताणता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये जुन्या, १९८६ च्या ग्राहक कायद्याखाली सांगितलं आहे. ४६व्या दिवशी लेखी उत्तर आलं तर लगेच हरकत घ्या.

नोटिशीनंतर त्याने ५-६ हजारांत मिटवायची तयारी दाखवली तर तक्ता समोर ठेवून विचार करा, रागाने नाही म्हणू नका. पोलिसांत फसवणुकीची तक्रार करायची हौस असेल तर ती आवरा. सुरुवातीपासून फसवायचा इरादा दाखवावा लागतो आणि बेकिंग सोडा सुचवणाऱ्या माणसाविरुद्ध तो दाखवणं कठीण आहे.

त्या ३ कार्डांनाही एव्हाना सोड्यात ठेवलं असेल, तर हे वाचून होताच बाहेर काढा आणि बरणीत टाका.