तेलापासून औषधांपर्यंत सगळं भारतातून घेणारा नेपाळ चीनकडे का झुकतो? बलाढ्य शेजाऱ्याला लागून असलेल्या छोट्या देशाला स्वतःचं परराष्ट्र धोरण असू शकतं का?

असू शकतं, आणि नेपाळला ते आहे. ते बघायचं तर काठमांडूतली भाषणं बाजूला ठेवून बिहार-नेपाळ सीमेवरच्या रक्सौल-बीरगंजच्या नाक्याकडे बघावं लागतं. माझी सगळी नोकरी आधी मुंबई बंदरात आणि नंतर न्हावा शेव्याला क्लिअरिंगच्या, म्हणजे कस्टममधून माल सोडवण्याच्या, कामात गेली. त्यामुळे कुठल्याही देशाचा विषय निघाला की त्याचा माल कुठून आत येतो, हेच मला आधी दिसतं.

नेपाळला समुद्र नाही. परदेशातून येणारा त्याचा बहुतेक माल कोलकाता-हल्दियाला उतरतो, अलीकडे विशाखापट्टणमलाही, आणि तिथून सीलबंद कंटेनरमधून सीमेपर्यंत जातो. 1982 च्या समुद्र कायद्याच्या करारात अशा देशांना समुद्रापर्यंत जाण्याचा हक्क दिलेला आहे. पण अटी आणि तपशील मधल्या देशाशी करार करून ठरवायचे, हेही तिथेच लिहिलंय. मुंबईत ज्याचा प्लॉट आतल्या अंगाला आहे आणि रस्ता पुढच्या मालकाच्या जागेतून जातो, त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. प्रॉपर्टी कार्ड आपल्या नावावर असलं तरी पुढच्याशी भांडताना माणूस दहा वेळा विचार करतो, आणि मागच्या गल्लीत दार पाडता येईल का हेही बघत राहतो.

नेपाळच्या गेल्या सत्तर वर्षांच्या धोरणात मला त्या मागच्या दाराचा शोधच सगळ्यात ठळक दिसतो. चीनबद्दलचं प्रेम मला त्यात फारसं दिसत नाही.

सुरुवात 31 जुलै 1950 च्या मैत्री करारापासून करू. नेपाळकडून पंतप्रधान मोहन शमशेर राणांनी सही केली, भारताकडून आपल्या राजदूतांनी. ही बरोबरी नव्हे, हा सल तिथे आजही आहे. राणा घराण्याची सत्ता तेव्हा डळमळीत होती आणि पुढच्या काही महिन्यांतच ती गेली. पण याच करारामुळे नेपाळी माणूस पासपोर्ट-व्हिसाशिवाय मुंबईत येतो, नोकरी करतो, घर घेतो. पश्चिम नेपाळमधल्या अछाम, डोटी, कैलालीसारख्या जिल्ह्यांतली कितीतरी कुटुंबं आपल्या शहरातल्या सोसायट्यांच्या गेटवर आणि हॉटेलांच्या भटारखान्यांत कमावलेल्या पैशांवर चालतात. त्यामुळे करार नको म्हणणारा नेपाळी पुढारीसुद्धा तो मोडत नाही. वर्षभराची नोटीस देऊन कुणालाही बाहेर पडता येईल असं कलम त्यात आहे, पण आजवर ते कुणी वापरलेलं नाही.

नेपाळची जुनी मागणी अशी होती, की व्यापाराचा करार वेगळा असावा आणि समुद्रापर्यंतच्या वाहतुकीचा, म्हणजे ट्रान्झिटचा, वेगळा. व्यापारावरून भांडण झालं तरी रस्ता बंद पडू नये, एवढाच त्यामागचा विचार. 1978 मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने हे मान्य केलं. आपल्या परराष्ट्र धोरणातली ही एक शहाणपणाची कृती होती असं मी मानतो, आणि तिची आठवण फारच थोड्यांना आहे.

मग 1988 मध्ये नेपाळने चीनकडून विमानविरोधी तोफांसह शस्त्रं घेतली. दिल्लीला ते खटकलं. रागाची आणखीही कारणं होती, भारतीयांना लावलेल्या वर्क परमिटचं एक. मार्च 1989 मध्ये दोन्ही करारांची मुदत संपली आणि भारताने दोन सोडून बाकीचे नाके बंद केले. रॉकेल मिळेना, लोकांनी सरपणासाठी जंगलं तोडली. पुढच्या वर्षी राजा बीरेंद्रला लोकशाहीच्या आंदोलनापुढे झुकावं लागलं, त्यामागे हे हालही होते. दिल्लीत अनेकांना तो आपला विजय वाटला. पण त्या रांगांत उभी राहिलेली माणसं ते विसरली नाहीत.

आणि 2015. एप्रिलमध्ये 7.8 तीव्रतेचा भूकंप झाला, सुमारे 9,000 माणसं गेली. भारताची मदत काही तासांत पोचली होती. सप्टेंबरमध्ये नेपाळने नवी राज्यघटना आणली. भारताच्या सीमेलगतच्या तराईत, म्हणजे सपाट प्रदेशात, राहणारे मधेसी नाराज झाले आणि त्यांनी सीमेवर धरणं धरलं. त्यांच्या तक्रारी खऱ्या होत्या हे नोंदवलं पाहिजे. मात्र रक्सौलला टँकर थांबले ते फेब्रुवारी 2016 पर्यंत. भारताने अधिकृतपणे सांगितलं की नाकाबंदी आम्ही केलेली नाही, पलीकडच्या अशांततेमुळे गाड्या जात नाहीत. नेपाळमध्ये यावर विश्वास ठेवणारा माणूस मला भेटलेला नाही. त्या दिवाळीत आमच्या सोसायटीतला रात्रपाळीचा वॉचमन मला म्हणाला, "भूकंपात पहिलं विमान तुमचंच आलं साहेब, आणि आता भावाच्या घरचा सिलिंडरही तुमच्याकडेच अडलाय." त्याचा भाऊ काठमांडूत टॅक्सी चालवायचा आणि पेट्रोलच्या रांगेत त्याचे दिवस जात होते. मी भारतीय म्हणून त्याला काही उत्तर देऊ शकलो नाही. तेल सगळं इंडियन ऑइलकडून जात होतं, दुसरा पुरवठादारच नव्हता.

त्या हिवाळ्यात चीनने 1,000 टन पेट्रोल फुकट दिलं. नेपाळच्या गरजेपुढे ते काहीच नव्हतं, पण त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. मार्च 2016 मध्ये पंतप्रधान के. पी. ओली बीजिंगला गेले आणि ट्रान्झिटचा करार करून आले. 2019 मध्ये चीनची चार बंदरंही ठरली. हे तुमच्या प्रश्नातलं 'झुकणं'.

आता हे मागचं दार किती उघडतं ते बघा. त्या चारांतलं तिआनजिन बंदर तीन हजार किलोमीटरहून दूर आहे. बीरगंजहून कोलकाता त्याच्या चौथाईच्या आसपास. मधे हिमालय, आणि दरडी कोसळणारे रस्ते. भूकंपाने बंद पडलेला, चीनच्या सीमेवरचा तातोपानीचा नाका 2019 पर्यंत बंद होता. कोविडच्या काळात चीनने आपल्या बाजूने सीमा आवळल्या आणि नेपाळी व्यापाऱ्यांचे कंटेनर दसऱ्याच्या मालासकट अडकून राहिले. जुलै 2025 च्या पुरात त्याच सीमेवरचा रसुवागढीचा मैत्री पूलच वाहून गेला. पोखऱ्याचा विमानतळ चिनी कर्जातून उभा राहिला खरा, पण नियमित आंतरराष्ट्रीय विमानांसाठी तो ताटकळलाच. नेपाळचा सुमारे दोन तृतीयांश व्यापार अजून भारताशीच आहे. सप्टेंबर 2019 मध्ये बिहारमधल्या मोतिहारीपासून नेपाळमधल्या अमलेखगंजपर्यंत अशी 69 किलोमीटरची तेलवाहिनी सुरू झाली, तीही आपल्याच बाजूने. म्हणून छोट्या देशाचं स्वातंत्र्य त्याने कुणाशी करार केला यावरून मोजू नये असं मला वाटतं. एकाने अडवलं तर दुसरीकडून थोडं तरी चालेल का, यावर ते मोजावं.

आपली काळजी खोटी नाही. साडेसतराशे किलोमीटरहून लांब सीमा खुली आहे. 24 डिसेंबर 1999 ला अपहरण झालेलं आपलं विमान काठमांडूहूनच निघालं होतं. पलीकडे तिबेटात चिनी सैन्य बसलंय. पण माल अडवून या काळज्या मिटल्या नाहीत, उलट दोन्ही वेळा बीजिंगचं काम सोपं झालं. भूतानसारख्या जवळच्या मित्रालाही 2013 च्या निवडणुकीच्या तोंडावर भारताकडून मिळणारी गॅसची सवलत बंद झाल्याने चटका बसला होता.

चांगला मार्ग कुठला, हे विजेने दाखवलंय. जानेवारी 2024 च्या करारानुसार दहा वर्षांत 10,000 मेगावॅटपर्यंत वीज नेपाळमधून घ्यायची आहे. त्याच वर्षी भारताच्या तारांमधून नेपाळची 40 मेगावॅट वीज बांगलादेशला द्यायचंही ठरलं. मात्र चिनी गुंतवणुकीच्या प्रकल्पांची वीज भारत घेत नाही. म्हणजे तिथेही नाका आपल्याच हातात आहे.

एक काम मात्र लगेच करण्यासारखं आहे. 1950 च्या करारासकट सगळ्या जुन्या बाबींवर विचार करायला दोन्ही देशांनी 2016 मध्ये जाणकारांचा गट नेमला होता. त्यांचा एकमताचा अहवाल 2018 मध्ये तयार झाला, पण दिल्लीने तो अनेक वर्षं हातातही घेतला नाही. हातात घेतला म्हणजे मान्य केला असं होत नाही. तो आधी घ्यावा, संसदेपुढे ठेवावा, आणि जे पटत नाही ते नेपाळला समोर बसवून सांगावं.