शेजाऱ्यानं परवानगीपेक्षा जास्त बांधकाम केलंय. तक्रार दिली तर पुढे नक्की काय होतं?

तक्रार तोंडी दिली तर काहीच होत नाही. हे आमच्या घरात एकाला अजून पटलेलं नाही, म्हणून लिहितोय.

आम्ही सांगली जिल्ह्यातले, नगरपालिकेच्या हद्दीतले. गावाचं नाव लिहीत नाही, तिथंच राहायचंय. शेजाऱ्यानं बोळाच्या बाजूला सोडायच्या जागेवर स्लॅब ओढला आणि आमच्या स्वयंपाकघरात भरदुपारी दिवा लावायची वेळ आली. दादा म्हणाला, "अर्ज-बिर्ज नको, नगरसेवकाला सांगितलंय, तो बघतोय." तो चार महिने बघत होता. तोवर खाली गिलावा होऊन वर कॉलम उभे राहिले.

मग मी अर्ज दिला, पण पोच घेतली नाही. दोन महिन्यांनी गेलो तर आवक नोंदवहीत नोंदच नाही! क्लार्कनं वही माझ्याकडं फिरवून दाखवली. त्या तारखेला एका लग्नाच्या मांडवाचा अर्ज होता, माझा नव्हता. दुसऱ्यांदा दोन प्रती नेल्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. त्याच क्रमांकावर माहिती अधिकारात विचारलं: पाहणी कधी झाली, पंचनामा कुठाय, नगररचना कायद्याच्या कलम 53 ची, म्हणजे बेकायदा बांधकाम काढायची नोटीस दिली का? उत्तराला 30 दिवसांची मुदत असते. अकराव्या दिवशी माणूस टेप घेऊन दारात. दादा म्हणतो, नगरसेवकाच्या फोननं आला. असेल बाबा.

नोटीस म्हणजे उद्या जेसीबी, असं नाही. प्रादेशिक व नगररचना कायदा 1966 खाली समोरचा 'बांधकाम राहू द्या' म्हणून अर्ज करू शकतो, त्याचा निकाल लागेपर्यंत हातोडा थांबतो. महापालिका हद्दीत घरपट्टीच्या दुपटीपर्यंत शास्ती लागू शकते. ती भरली की सगळं कायदेशीर झालं, असं शेजारी छातीठोक सांगेल. साफ खोटं. महापालिका कायद्याच्या कलम 267अ मध्येच तसं धरायचं नाही म्हणून लिहिलंय. प्लॉट गुंठेवारीतला (मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पाडून विकलेला) असेल तर 2001 चा गुंठेवारी कायदा मध्ये येतो, त्याचं रामायण वेगळं.

आमच्याकडं त्यानं स्लॅबचा अडीच फूट भाग स्वतःच तोडला. कॉलम आहेत तसेच.

हां, एक राहिलं. अर्ज देण्याआधी स्वतःच्या घराचा मंजूर नकाशा काढून बघा. टेपवाल्यानं जाता जाता आमचा बाहेरचा जिनाही मोजला. ती नोटीस दादाच्या कपाटात आहे.