वाचकांचे प्रश्न : घाम टिपणारे कापड, घाम वाहून नेणारे कापड

प्रश्न : मी रोज सकाळी तासभर धावते. सुती टी-शर्ट चिंब भिजून अंगाला चिकटतो, म्हणून ‘घाम लगेच वाळतो’ असे लिहिलेला पॉलिएस्टरचा टी-शर्ट घेतला. धावताना तो चांगला वाटला. पण तसाच कपडा दिवसभर घातला की कोंदल्यासारखे होते आणि धुऊनही वास जात नाही. पुढे तसाच दुसरा घेतला, तर त्यावर घामाचे नुसते ओघळ येतात. लेबलवर दोन्हीकडे ‘100 टक्के पॉलिएस्टर’ आहे. मग फरक कशाचा, आणि रोजच्या वापराला कोणते कापड घ्यावे?

उत्तर : आपल्या दोन टी-शर्टांमधला फरक लेबलवर दिसणार नाही, कारण लेबल फक्त तंतूचे नाव सांगते आणि घामाची वाट बऱ्याच अंशी तंतूंच्या मधल्या जागेत ठरते.

पाणी आत घेण्याची प्रत्येक तंतूची क्षमता वेगळी असते. 65 टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या साधारण 7 ते 8 टक्के ओलावा धरून ठेवतो, व्हिस्कोज (वनस्पतींच्या लगद्यापासून रासायनिक प्रक्रियेने काढलेला तंतू) 11 ते 13 टक्के, लोकर 16 टक्क्यांच्या आसपास, नायलॉन 4 टक्के आणि पॉलिएस्टर जेमतेम 0.4 टक्के. कापसाच्या बाबतीत घाम तंतूच्या आतच शिरतो, तंतू फुगतो, कापड जड होते आणि आत मुरलेले पाणी सावकाश बाहेर पडते. आपला सुती टी-शर्ट चिकटतो तो यामुळे. पॉलिएस्टर पाणी आत घेत नाही, त्यामुळे ते लवकर वाळते. मात्र जे पाणी आत घेत नाही ते पाण्याला जवळही करत नाही, आणि साध्या, गुळगुळीत पॉलिएस्टरवर घामाचे थेंब तसेच उभे राहतात. आपल्या दुसऱ्या टी-शर्टाचे बहुधा हेच झाले आहे.

या अडचणीवर दोन उपाय आहेत. पहिला तंतूच्या घडणीचा : तंतू अतिशय बारीक काढायचा, किंवा गोल न ठेवता त्याच्या लांबीभर खाचा ठेवायच्या, म्हणजे केशाकर्षणाने (अरुंद फटीत द्रव आपोआप ओढला जातो त्या क्रियेने) घाम त्या अरुंद वाटांतून बाहेरच्या पृष्ठभागाकडे ओढला जातो आणि मोठ्या क्षेत्रावर पसरून वाळतो. ड्यूपाँट कंपनीने 1986 मध्ये आणलेले कूलमॅक्स हे पॉलिएस्टर याच तत्त्वावर बेतलेले होते. दुसरा उपाय म्हणजे कापडावर पाणी ओढणाऱ्या रसायनाचा लेप देणे. हा स्वस्त पडतो, पण लेप साधा असेल तर धुण्यागणिक उतरत जातो. विकत घेताना कोणता उपाय केला आहे हे क्वचितच सांगितलेले असते, आणि ग्राहकाच्या दृष्टीने ही मोठी गैरसोय आहे असे मला वाटते.

त्यावर घरी करता येण्याजोगी एक परीक्षा आहे. कपडा उलटा करून, अंगाला लागणाऱ्या बाजूवर पाण्याचा एक थेंब अलगद सोडावा. थेंब मण्यासारखा तसाच राहिला तर ते कापड घाम ओढणार नाही. काही क्षणांत तो पसरला तर कापड पालटून पाहावे : बाहेरचा ओला डाग आतल्या डागापेक्षा मोठा असेल, तर घाम अंगापासून दूर नेण्याचे काम कापड नीट करते आहे. हीच परीक्षा पाचसहा धुण्यांनंतर पुन्हा केली, की लेप टिकला की उतरला हेही कळते.

आता दिवसभराच्या वापराविषयी. घामाने गारवा मिळतो तो बाष्पीभवनामुळे. अंगावरच्या एका ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे 2400 ज्यूल उष्णता खर्ची पडते, आणि ती जितकी त्वचेजवळून घेतली जाईल तितके बरे. बसून काम करताना घाम थोडा व संथपणे येतो, त्या वेळी पातळ, सैल सुती कापड तो सहज टिपते, हवा खेळती ठेवते आणि चिकटण्याइतके भिजतही नाही. म्हणून धावण्यासाठी पॉलिएस्टर आणि बैठ्या कामासाठी सुती ही विभागणी मला योग्य वाटते. दिवसभर चालणे-फिरणे असेल तर कापूस आणि पॉलिएस्टरचे मिश्रण सोयीचे पडते. हवा फार दमट असेल, तर बाष्पीभवनच मंदावते. अशा वेळी तंतूच्या जातीपेक्षा जाळीदार वीण आणि सैल बेत यांचा उपयोग अधिक होतो. थंडीत मात्र कष्टाच्या कामाला सुती कपडा अंगालगत घालू नये, कारण थांबल्यावर तोच ओलावा अंगातली ऊब खेचून घेतो. तेथे बारीक मेरिनो लोकर उत्तम. ती वाफेच्या रूपातला ओलावा आत सामावून घेते आणि तरीही ओली लागत नाही. ती महाग असते आणि घासली जाऊन लवकर झिजते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

वासाचे कारणही तंतूतच आहे. पॉलिएस्टर पाण्याला दूर ठेवते, पण त्वचेच्या तेलाला धरून ठेवते, आणि त्या तेलावर जिवाणू पोसले जातात. कपडा घामट अवस्थेत गोळा करून ठेवू नये. उलटा करून, शक्यतो त्याच दिवशी धुवावा. कपडे मऊ करणारे कंडिशनर अजिबात वापरू नये, कारण त्याचा थर तंतूंवर बसतो आणि घाम ओढण्याच्या वाटा बुजतात.

प्रश्न : बांबूचे कापड खरोखरच जास्त घाम शोषते का?

उत्तर : बांबूचे म्हणून विकले जाणारे बहुतेक कापड हे बांबूच्या लगद्यापासून रासायनिक प्रक्रियेने काढलेले व्हिस्कोज असते. ते मऊ असते आणि कापसापेक्षा जास्त ओलावा घेते, पण वाळायलाही वेळ लावते आणि ओले असताना कमजोर पडते. झोपताना किंवा घरात घालायला ते चांगले. व्यायामासाठी मी सुचवणार नाही. तसाच मऊपणा हवा असेल तर लायोसेल (हाही लगद्यापासूनच, पण वेगळ्या प्रक्रियेने काढलेला तंतू) पाहावे, ते ओले असतानाही व्हिस्कोजपेक्षा बरेच मजबूत राहते.