दारू न पिणाऱ्या आई-बाबांना पोर्तुगालमधली दोरू नदीची वाईन क्रूझ आवडेल का, की सात दिवस कंटाळतील?

नाही कंटाळणार, पाठवा. उत्तर एवढंच आहे, पुढचं नाही वाचलं तरी चालेल.

पण तुम्ही प्रश्नाखाली जे लिहिलंय ना, "आई माळकरी, बाबा सुपारीसुद्धा खात नाहीत, नदीकाठची सगळी गावं वाईनची, मग हे दोघं तिथे करणार काय", ते वाचून राहवलं नाही. हाच प्रश्न माझ्या साडूंनी फॅमिली ग्रुपवर ३७ माणसांसमोर मला विचारला होता आणि मी हात जोडल्याचा इमोजी टाकून गप्प बसलो होतो. दोन वर्षं झाली, अजून सलतंय. (दोरू-दारू हा विनोद त्यांनी तेव्हाच करून घेतलाय, तुम्ही नका करू.)

मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. युरोप म्हणजे माझ्यासाठी २०१० साल, सीसीसी या वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून आपल्या द्राक्षाचे कंटेनर तिकडे अडकले होते ते. त्यामुळे मुलीनं लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची तिकिटं काढली तेव्हा मला हौस वगैरे काही नव्हती, शिवाय सप्टेंबरअखेर, म्हणजे ऐन गोडी छाटणीच्या (फळासाठीच्या, ऑक्टोबरच्या) तोंडावर बाग भावावर टाकून निघायचं. विमानात बसेपर्यंत मी फोनवर डोळे फुटायची पेस्ट कधी लावायची तेच सांगत होतो.

पोर्तोहून स्पेनच्या सीमेवरच्या बार्का द आल्वापर्यंत नदी साधारण २१० किलोमीटर, वाटेत पाच धरणं आणि प्रत्येकाला लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून जहाज वर-खाली करणारी बंद खोली. कारापातेलोच्या लॉकमध्ये जहाज ३५ मीटर वर चढतं. दोन्ही बाजूंना ओल्या काळ्या भिंती, हात लांब केला तर लागतील इतक्या जवळ, डोक्यावर पाणी ठिबकतंय. आमची ही म्हणाली, विहिरीत आलोय आणि पोहरा पण आपणच. त्यानंतर प्रत्येक लॉकला बाई चहा सोडून डेकवर. रात्री ही जहाजं चालत नाहीत, काठाला बांधून ठेवतात, त्यामुळे झोप घरच्यासारखी लागते. म्हाताऱ्या माणसांना हे महत्त्वाचं, बसच्या टूरमध्ये रोज बॅग उघडा रोज बंद करा असतं, इथे एकदाच कपाट लावायचं.

पेसो द रेग्वाच्या पुढे डोंगर सुरू होतात आणि तिथे मी गप्पच झालो. माती नाहीच हो. पाटीच्या दगडासारखा पापुद्र्यांचा खडक, तो फोडून बांध घातलेत, एकावर एक, पार माथ्यापर्यंत, आणि त्यात वेली. मांडव नाही, वाय आकाराचे अँगल नाहीत, कमरेएवढी झाडं. तिथले लोक म्हणतात नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक, आणि त्या नरकात मुळं खडकाच्या भेगांतून पाणी शोधत खाली जातात. आपण ठिबक दोन दिवस बंद पडलं तर वायरमनच्या घरी जाऊन बसतो. पोर्ट नावाच्या तिथल्या गोड वाईनची द्राक्षं कुठल्या हद्दीत लावायची हे त्यांच्या पोंबालच्या मार्क्विसनं १७५६ मध्ये ठरवलं आणि मग ग्रॅनाइटचे खांब रोवले, त्यातले काही अजून उभे आहेत. मी गाइडला विचारलं, खांबावरून भाऊबंदकी झाली का? मुलीनं ते भाषांतर करायला नकार दिला.

आता मुख्य गोष्ट. पिन्हाओ गावाच्या वर एका बागेत आम्हाला संध्याकाळी नेलं. तोडणी चालू होती. बाकीचे लोक ग्लास घेऊन सूर्यास्त बघत होते आणि मी ओळीत शिरून खोड तपासत बसलो, तर कलमाची गाठ दिसली. १८६० नंतर फायलोक्सेरा नावाच्या मुळावरच्या किडीनं युरोपभर बागा मारल्या, मग अमेरिकन खुंटावर, म्हणजे त्या किडीला न जुमानणाऱ्या मुळांवर, कलम करून त्या परत उभ्या राहिल्या. आपला डॉगरिज खुंट पण अमेरिकनच, फक्त आपण तो पाण्याच्या ताणासाठी आणि खारट जमिनीसाठी लावला. ज्या बांधांवर परत कधी वेल लागली नाही ते अजून तसेच झुडपांत पडलेत, मोर्तोरिओ म्हणतात त्यांना, जहाजातून पण दिसतात. बाकी कोणी बघत नव्हतं तिकडे. मला मात्र २०१० नंतर बागा तोडून सोयाबीन लावलेले आमचे शेजारी आठवले.

तिथला एक म्हातारा मजूर माझ्याजवळ आला. भाषा शून्य. मी बोटांनी कात्री करून दोन बोटं दाखवली, म्हणजे आमच्याकडे वर्षाला दोन छाटण्या, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची. त्याला वाटलं मला दोन घड पाहिजेत, त्यानं तोडून दिले. मी ते देठाला धरून घेतले, कारण आपल्याला सवय, मण्यावरची लव पुसली की माल गेला, तर तो खो खो हसायला लागला आणि हौदाकडे बोट दाखवलं.

हौद म्हणजे लागार. ग्रॅनाइटचा, मांडीएवढा खोल, त्यात दिवसभराची तोडलेली द्राक्षं. माणसं खांद्यावर हात टाकून ओळीनं उभी आणि एका तालात पाय उचलतायत, एक मुकादम ताल म्हणतोय. पहिला बराच वेळ असंच शिस्तीत, नंतर गाणं लावून मोकळं नाचायचं. तीस वर्षं मी घड पाऊचमध्ये बाळासारखे घातलेत, मला ते बघवेना. पण आमची ही एकदम म्हणाली, अहो ही तर पावली आहे. दिंडीतली पावली. आणि मुलीला म्हणाली, विचार, यात आत्ता दारू आहे का? गाइड म्हणाला नाही, आजच तोडलीत, आत्ता नुसता रस आहे. झालं, सलवार गुडघ्याच्या वर दुमडून पाय धुऊन बाई हौदात, गळ्यात तुळशीची माळ, एका बाजूला जर्मन आजी, दुसऱ्या बाजूला तो मजूर. तालावर तिचा पाय एकदाही चुकला नाही. चाळीस वर्षांत मी तिला इतकं हसताना फार कमी वेळा बघितलंय, निम्म्या वेळी माझ्या फजितीवर.

मुलीनं तो फोटो ग्रुपवर टाकला. साडूंचा मेसेज: "माळकरी बाईला दारूच्या हौदात उतरवली, धन्य आहे." हिनं तो वाचला आणि परतीच्या प्रवासात दोन दिवस गप्प होती.

तर साडूसाहेब, तुम्ही बँकेत होतात, तुम्हाला वाटतं द्राक्ष पिळलं की दारू. तसं नसतं. पहिल्या रात्री तो रस असतो. मग दोनेक दिवस आंबतो, अर्धी साखर शिल्लक असतानाच त्यात ७७ टक्क्यांची द्राक्षाची स्पिरिट ओततात, यीस्ट मरतं, साखर तशीच राहते, म्हणून पोर्ट गोड लागते. ही काय गोव्याहून येताना तुम्ही दरवेळी "औषधाला" म्हणून बॅगेत घालून आणता ती नव्हे, पण तिचं नाव या पोर्टवरूनच आलंय. आणि तुमच्याच चिरंजीवांनी फेब्रुवारीत नाशकात पैसे भरून द्राक्षं तुडवली तेव्हा तो इव्हेंट होता, तुम्ही स्वतः लाईक केलंय, मी बघितलंय. बाकी पोर्तोसमोरच्या व्हिला नोव्हा द गाइयाहून आणलेली, पिंपात मुरवलेली टॉनी पोर्ट तुम्हाला पोचली ना? संपली पण म्हणे, मेहुणीनं सांगितलं.

असो. तुमच्या आई-बाबांचं. वाईन सोडून बघायला भरपूर आहे. पिन्हाओचं रेल्वे स्टेशन निळ्या टाइल्सचं, टाइल्सवर द्राक्षतोडणीची आणि नदीकाठची चित्रं, आमचा तिथेच तास गेला. व्हालेइराच्या घळईत १८६१ साली नाव उलटून जोसेफ फॉरेस्टर हा नदीचा नकाशा काढणारा व्यापारी बुडाला आणि सोबतच्या दोना अंतोनिया फेरेइरा, मोठ्या बागायतदारीण, वाचल्या. कमरेच्या पट्ट्यातल्या सोन्यानं तो बुडाला आणि फुगीर घागऱ्यानं ती तरंगली, असं सांगतात. ही म्हणाली, नऊवारीनं पण तारलं असतं.

लामेगो गावात मेरीमातेच्या देवळाला ६८६ पायऱ्या आहेत. बस वर सोडते का ते आधी विचारा, सोडत असेल तर फक्त उतरायला लावा आणि गुडघे दुखत असतील तर तेही नको. स्पेनमधल्या सालामांकाची सहल असेल तर त्या दिवशी बसमध्ये फार वेळ जातो, बाबांना जहाजावर झोपू द्या.

जेवणाचं बुकिंगच्या वेळीच लिहून द्या. काल्दो व्हेर्द नावाचं पालेभाजीचं सूप मिळतं, हिरवंगार, निरागस दिसतं, त्यात सॉसेजची चकती असते. हिचा चमचा तोंडाजवळ गेला होता. कस्टर्डच्या त्या प्रसिद्ध टार्टमध्ये अंडं. ब्रेड, चीज, ऑलिव्ह, बटाटे, फळं यावर निघतं, आम्ही मेतकूट आणि ठेचा नेला होता, ठेचा जर्मन आजीनं संपवला.

आणि एक, खरं सांगायचं तर साडूंचं एक म्हणणं बरोबर होतं, म्हणजे त्यांनी ते टोमणा म्हणूनच मारलं होतं, की पोर्तोहून पोसिन्होपर्यंत साधी रेल्वे जाते, पुढे पुढे तर अगदी नदीला चिकटून, आणि तिकीट क्रूझच्या तुलनेत काहीच नाही. बजेट नसेल तर रेल्वेनं पिन्हाओला जा, दोन रात्री राहा, तासाभराची छोटी बोट मिळते. दृश्य तेच आहे. उजवीकडची खिडकी धरा, जाताना नदी त्या बाजूला असते बहुतेक वेळ. हौदात मात्र उतरायचं असेल तर सप्टेंबरच गाठावा लागेल आणि बागवाल्याला आधी विचारावं लागेल, सगळेच उतरू देत नाहीत. आईंना जुना सलवार-कुडता द्या सोबत. डाग जात नाहीत, हिनं तो अजून ठेवलाय.